हरकत नसल्यास

सकाळी भांग पाडता पाडता त्याच्या तोंडून "मंजूर" हा शब्द निघून गेला. घडलं ते एवढंच. बायको टॉवेलला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "ताईकडे राहायला जावं म्हणते. आजच. दुपारनंतर भाचा गाडी घेऊन येतोय. आणि चार दिवसांनी परत येईन असं धरून चालू नका, मी कायमची जातेय." मग जरा थांबून, अगदी त्याच्याच आवाजात, त्याच्यासारखीच मान किंचित तिरकी करून तिने विचारलं, "हरकत?" आणि तो आरशातल्या भांगावरची नजर न हलवता, वर्षानुवर्षं म्हणत आला तसंच, एका दमात म्हणाला, "नाही. मंजूर." बायको हसली नाही. रागावलीही नाही. दुकानदाराने नेहमीचाच भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक मान हलवतं तशी तिने मान हलवली आणि ती आत गेली. त्याने कंगवा जागेवर ठेवला, बूट घातले, परिषदेची फाईल काखेत मारली आणि तो जिना उतरला. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं ते चांगलं कोपऱ्यावर आल्यावर, आणि तेव्हाही आधी पावलांना कळलं. ती थांबली, मग ती का थांबली हे तो शोधू लागला.

परत फिरावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण परत जाऊन म्हणायचं काय? ठरलेल्या वेळी सभा सुरू करणं हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की पाय आपले परिषदेकडेच चालत राहिले. रस्त्यावर दुकानांची दारं वर सरकत होती. एक माणूस काच पुसत होता आणि काचेच्या आतून दुसरा माणूस त्याला राहिलेले डाग बोटाने दाखवत होता. दोघांत एक शब्द नव्हता आणि काम मात्र बिनबोभाट चाललं होतं. त्याला वाटलं, आपल्या घरातही हे असंच चाललंय की. ती दाखवते, आपण पुसतो. तक्रारीला जागा कुठे आहे? मग लगेच वाटलं, आपण डाग पुसले कधी? आपण नुसते काचेसारखे मध्ये उभे होतो. हा विचार त्याला अजिबात आवडला नाही. तो भरभर चालू लागला.

परिषद तशी लहान. इतकी लहान की सगळे सभासद एका लांबट टेबलाभोवती मावायचे आणि कोणी खोकलं तर शेजारचा पाण्याचा पेला पुढे करायचा. पण कायदे तीच करायची, आणि नियमांचा रुबाब मात्र मोठमोठ्या सभागृहांच्या वरताण. त्यातला सगळ्यात जुना नियम असा, की कोणत्याही सभासदाने दुसऱ्या सभासदाशी थेट बोलायचं नाही. जे बोलायचं ते सभापतींना उद्देशून. त्यामुळे बेकरीवाल्याचं कोपर वकिलाच्या कोपराला लागत असलं तरी बेकरीवाला म्हणायचा, "सभापती महोदय, वकीलसाहेबांना एवढंच सांगा की त्यांचं म्हणणं साफ चूक आहे." आणि वकील डोळे मिटून म्हणायचा, "सभापती महोदय, माझ्या मित्रांना कळवा की मी बहिरा नाही." सगळी वाक्यं अशी टेबलाच्या टोकाशी बसलेल्या त्याच्याकडे यायची, त्याच्या अंगावरून जायची आणि ज्याची त्याला पोचायची. दिवसभरात इतक्या लोकांनी इतक्या वेळा हाक मारलेला माणूस त्या शहरात दुसरा नसेल. पण संध्याकाळी घरी जाताना त्याला कधी कधी वाटायचं, की आज आपल्याशी कोणीच बोललं नाही.

सभापती तो कसा झाला ही पण गंमतच होती. परिषदेत तेव्हा दोन गट होते आणि दोघांचा एकमेकांशी विस्तव जात नव्हता. तिसऱ्या कोणाचं नाव निघालं की एक गट हटकून मोडता घालायचा. शेवटी कोणीतरी त्याचं नाव घेतलं आणि सगळे गप्प झाले, कारण त्याच्याविरुद्ध बोलायला कोणालाच काही सापडेना. त्याने कधी कोणाच्या बाजूने ब्र काढला नव्हता आणि विरुद्धही काढला नव्हता. बायकोला ही बातमी सांगितली तेव्हा ती खो खो हसली होती. "म्हणजे तुम्हाला मत नाही म्हणून तुम्हाला खुर्ची दिली?" तोही हसला होता. तेव्हा ते दोघं पुष्कळ हसायचे. म्हणजे ती हसायची आणि तो तिच्या हसण्यात सामील व्हायचा. लग्नाआधी तिने मैत्रिणींना फुशारकीने सांगितलं होतं, की मला ऐकून घेणारा माणूस मिळालाय. ती बोलायची, ऑफिसातल्या बाईंबद्दल, तुटलेल्या चपलेबद्दल, स्वप्नात दिसलेल्या विहिरीबद्दल, आणि तो ऐकायचा. तिचं बोलणं कमी कधी झालं, हे त्याला आता आठवेना. एखादा नळ हळूहळू बारीक होत जातो आणि एक दिवस आपण बादली लावतो तेव्हाच लक्षात येतं, तसं काहीतरी झालं असावं.

सभागृहात सचिव आधीच येऊन बसला होता. त्याने कार्यक्रमपत्रिका पुढे सरकवली. आजचा मुख्य विषय होता कामकाजाच्या नियमांची दुरुस्ती. गेले कित्येक महिने तो विषय या ना त्या कारणाने पुढे ढकलला जात होता. सभापतीने घंटी वाजवली. गणपूर्ती झाली आहे असं सचिवाने सांगितलं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं होतं. "हरकत?" त्याने विचारलं आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानात टोचला. कोणी वर पाहिलंही नाही. "नाही. मंजूर." हरकत, नाही आणि मंजूर हे तीन शब्द म्हणायला त्याला पूर्वी जरा वेळ लागायचा. पूर्वी तो "हरकत?" म्हणून टेबलाभोवती एकेका चेहऱ्याकडे बघायचा. मग बघणं सुटलं. मग थांबणं सुटलं. आता तिन्ही शब्द मिळून एकच शब्द झाला होता, आणि चहाच्या सुट्टीत बेकरीवाला त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. त्या नकलेला तो स्वतःही हसत आला होता. आज सकाळी बायकोने तीच नक्कल केली होती, फक्त तिथे हसायला कोणी नव्हतं.

"सभापती महोदय," डॉक्टरीणबाई उठल्या. शहराच्या टोकाला त्यांचा छोटा दवाखाना होता आणि सभेला त्या नेहमी दवाखान्यातूनच, औषधांचा वास घेऊन यायच्या. "या नियमावलीत एक कलम आहे. सभापतींनी विचारल्यावर कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर समजावा. हे कलम काढून टाकावं अशी माझी सूचना आहे. प्रत्येक गोष्टीला हात वर करून मत घ्या. मग ती गोष्ट कितीही किरकोळ असो."

"सभापती महोदय," बेकरीवाला बसल्या बसल्याच म्हणाला, "बाईंना सांगा, असं केलं तर आपण इथेच म्हातारे होऊ. माझी भट्टी वाट बघत नाही."

"सभापती महोदय, त्यांना सांगा, घाई असेल तर त्यांनी भट्टीपाशीच बसावं." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या दवाखान्यात पेशंट गप्प असला म्हणून मी त्याला बरा समजत नाही. उलट जो विव्हळतो त्याची मला कमी काळजी वाटते. गप्प पडून राहिलेल्याकडे मी आधी धावते. इथे मात्र गप्प बसला की आपण म्हणतो, बरा आहे, चला पुढे."

वकील म्हणाला की ही प्रथा फार जुनी आहे आणि प्रथेमागे शहाणपण असतं. कोणीतरी म्हणालं, शहाणपण नाही, आळस असतो. मग आळस हा शब्द संसदीय आहे की नाही यावर खल झाला. वाक्यं नेहमीसारखी त्याच्याकडे येत होती आणि जात होती, पण आज ती पलीकडे पोचायच्या आधी त्याच्यापाशी अडखळत होती. गप्प पडून राहिलेल्याकडे मी आधी धावते. हे वाक्य पुढे गेलंच नाही, त्याच्या छातीपाशी येऊन बसलं. ती गप्प होती. किती दिवस गप्प होती. जेवताना ताट पुढे सरकवायची, संध्याकाळी खिडकीपाशी बसायची, आणि त्याने मनाशी म्हटलं होतं, चला, घरात शांतता आहे. बाहेर दिवसभर कलकल, घरी शांतता. माणसाला आणखी काय हवं? त्याला स्वतःची शरम वाटली. शरमेपेक्षा जास्त भीती वाटली. संध्याकाळी दार उघडलं की आत दिवा नसेल, आणि दिवा नाही हे बोलायलाही कोणी नसेल, हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने नकळत टेबलाची कड धरली.

लहानपणी त्याच्या घरात असंच होतं. आई स्वयंपाकघरात आणि वडील बाहेरच्या खोलीत, आणि महिनोन्महिने दोघांचा अबोला. पण संसार चालायचा, कारण मध्ये उंबऱ्यावर तो होता. "तुझ्या वडिलांना विचार, जेवायचंय का." "तुझ्या आईला सांग, भूक मेली." पहिल्या पहिल्यांदा तो जसंच्या तसं पोचवायचा आणि मग आत भांडी आदळायची, बाहेर वर्तमानपत्र फडफडायचं. हळूहळू तो शिकला. वडील म्हणाले, भूक मेली, तर तो आत जाऊन सांगायचा, बाबा म्हणाले थोड्या वेळाने. आई म्हणाली, त्यांना म्हणावं मरा तिकडे, तर तो बाहेर येऊन सांगायचा, आई म्हणतेय थकला असाल. दोन्ही बाजूंची वाक्यं त्याच्या तोंडात येऊन मऊ व्हायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगं किती गुणी, घर सांभाळतंय. त्याला स्वतःला भूक लागली आहे का, हे त्या दोघांपैकी कोणीच कधी विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तर त्याला पटकन सांगताही आलं नसतं. पुढे त्याचा स्वतःचा मुलगा झाला, मोठा झाला, दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. फोन करायचा. "बाबा, कसे आहात?" "मी बरा. थांब हं, आईला देतो." इतकं बोलून तो फोन देऊन टाकायचा, जणू फोनही कोणाचा तरी कोणाला तरी निरोपच होता.

आता त्याचं मन नियमावलीत शिरलं. दुसरं कुठे शिरणार? झालेला ठराव फिरवायचा असेल तर काय करावं लागतं, हे तो मनातल्या मनात चाळू लागला. पुनर्विचाराचा प्रस्ताव. तो मांडायचा अधिकार कोणाला? ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं असेल त्यालाच. म्हणजे त्यालाच. इथपर्यंत ठीक होतं, त्याला जरा धीर आला. पण प्रस्ताव त्याच बैठकीत यायला हवा, बैठक उठायच्या आत. सकाळची बैठक उठली होती का? कोणी उठली असं म्हणालं नव्हतं. ती आत गेली, तो बाहेर पडला, एवढंच. मग अनुमोदन लागतं. अनुमोदन कोण देणार? त्या घरात सभासद दोनच, आणि त्यातला एक तर जाण्याच्याच बाजूचा. त्याच्या लक्षात आलं की आपण बायको परत मिळवण्यासाठी कलमं शोधतोय, आणि हे कोणाला कळलं तर लोक पोट धरून हसतील. तरी त्याला दुसरं काही सुचेना. इतकी वर्षं त्याला हीच एक भाषा येत होती.

"सभापती महोदय?" सचिव कुजबुजत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. बहुतेक त्याला काहीतरी विचारलं गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. दुपार होत आली होती. गाडी दुपारनंतर येणार. त्याने घंटी वाजवली, गरज नसताना.

"सभा तहकूब करण्यात येत आहे," तो म्हणाला. "हरकत?" आणि दम न घेता, "ना—"

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या सभागृहात हा शब्द कधी ऐकू आला नव्हता असं नाही, पण त्या जागी कधी आला नव्हता. त्या तीन शब्दांच्या मध्ये कोणी बोट घालू शकतं, हेच सगळे विसरले होते. बेकरीवाल्याने चष्मा काढून बाईंकडे बघितलं.

"मी मुद्दामच घेतेय हरकत," बाई म्हणाल्या. "मुद्दा नेमका हाच आहे. आम्ही अर्धा विषय बोललोय. मध्येच तहकूब का?"

वकील खुशीत आला. "नियम स्पष्ट आहे, सभापती महोदय. हरकत आली की सभापतींनी तहकुबीचं कारण सांगायला हवं. मग मत घ्यायचं."

कारण.  प्रकृतीचं कारण सांगता आलं असतं, लोकांनी मुकाट्याने मान्य केलं असतं, आणि बाईंनी उलट नाडी बघितली असती. ते सांगायला त्याने तोंड उघडलं. मऊ करून सांगायची सवय इतकी जुनी होती. पण आज मऊ करायला दुसऱ्या कोणाचं वाक्य हातात नव्हतं, आणि स्वतःचं वाक्य कसं मऊ करतात ते त्याला माहीत नव्हतं.

"माझी बायको घर सोडून चालली आहे," तो म्हणाला. "सकाळी तिने मला विचारलं. हरकत आहे का असंच विचारलं. मी म्हटलं, मंजूर."

बेकरीवाल्याच्या घशातून हसू निघालं आणि अर्ध्यावरच विरलं. सचिवाने लिहिता लिहिता पेन उचललं, हे लिहायचं की नाही असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. मग डॉक्टरीणबाई उठल्या, आणि त्या परिषदेत कोणी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्या सभापतीशी बोलल्या नाहीत, त्याच्याशी बोलल्या.

"आणि तुम्ही इथे बसून आमची भाषणं ऐकताय? अहो, उठा. उठा ना!"

"सभापतींना 'उठा' असं थेट..." वकिलाने सुरुवात केली.

तो उठला. फाईल तिथेच राहिली. दार ओढून घेताना मागे आवाज ऐकू येत होते. मत न घेता सभापती निघून गेले, तर सभा तहकूब झाली असं धरायचं की चालू आहे असं धरायचं, यावर वाद पेटला होता. पहिल्यांदाच ते एकमेकांशी थेट बोलत होते, कारण मध्ये बसायला कोणी नव्हतं. आणि खरं म्हणजे त्यांचं काही अडत नव्हतं.

घरी आला तेव्हा बॅगा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. बायको पलंगाच्या कडेला बसून, खाली वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत होती. प्रवासाला निघण्याआधी नखं कापायची तिची जुनी सवय. आजवर ती कुठेही निघाली की तिने हे केलं होतं, आणि ते त्याच्या लक्षात आहे, हे आज त्याच्या लक्षात आलं. तो दारात उभा राहिला. तिने मान वर केली.

"इतक्यात संपली सभा?"

"नाही. मी उठून आलो."

"बरं वाटत नाहीये का?"

"मला हरकत आहे," तो म्हणाला.

तिने नखं कापायचं थांबवलं. "सकाळी नव्हती."

"सकाळीही होती. मला सापडायला वेळ लागला." तो खोलीत आला, पण बसावं कुठे ते कळेना म्हणून कपाटाला पाठ लावून उभा राहिला. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. मला एकट्याला राहायची भीती वाटते. दिवा लावलेला नसेल, त्याची भीती वाटते. मी हे नीट बोलत नाहीये."

"नाही, नीट बोलताय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते लपवलं नाही. "फार उशिरा बोलताय, पण नीट बोलताय." मग तिने वर्तमानपत्राची पुडी वळली आणि ती हातात धरून बसली. "मी ताईकडे का चाललेय, माहीत आहे?"

"ताईंची तब्येत..."

"ताईच्या तब्येतीला काही धाड भरलेली नाही. ती माझ्याशी भांडते. दुधावरून भांडते, खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडते, चाळीस वर्षांपूर्वी मी तिचा स्वेटर उसवला म्हणून अजून भांडते. मागच्या वेळी आठ दिवस राहून आले तर माझा घसा बसला होता. आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू. इथे मी काही म्हटलं की तुम्ही म्हणता, हो का. मी उलटं म्हटलं तरी म्हणता, हो का. एकदा मी मुद्दाम आधी एक आणि मग त्याच्या बरोबर उलटं बोलून बघितलं होतं. तुम्ही दोन्हीला हो का म्हणालात."

"मी भांडेन," तो म्हणाला.

ती हसली. रडता रडता इतकी हसली की पुडी खाली पडली आणि नखं पलंगाखाली गेली. "तुम्ही? तुम्ही भांडायला बसलात तर आधी मला बोलायची संधी द्याल, मग स्वतःला द्यायची विसराल."

त्यालाही हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी ते तिच्या हसण्यात सामील व्हायला आलेलं हसू नव्हतं, त्याचं त्याचं होतं. त्याच्या मनात अचानक एक गोष्ट आली. इतकी साधी की ती सकाळपासून मनात कशी आली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. "मग मीही येतो," तो म्हणाला. "ताईंकडे. खुर्ची सोडतो. ती तशीही रिकामीच असते."

तिने वाकून खाली पडलेली पुडी उचलली. खालून रस्त्यावरचे आवाज येत होते. तिला मोह होतोय हे त्याला दिसलं, आणि तिने तो बाजूला सारला हेही दिसलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही तिथे आमच्या दोघींच्या मध्ये बसाल. आठवड्याभरात ताई म्हणायला लागेल, तिला सांगा खिडकी लाव. आणि मी म्हणेन, ताईला सांगा मला उकडतंय. आणि तुम्ही सांगाल. आम्ही कधी गप्प झालो ते तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

 तिचं म्हणणं खरं होतं. त्याला इतकं वाईट वाटलं की क्षणभर खोलीतल्या वस्तू जागच्या हलल्यासारख्या झाल्या. पण त्या वाईट वाटण्यात एक नवल होतं. ते दुसऱ्या कोणाकडून आलेलं नव्हतं आणि दुसऱ्या कोणाला पोचवायचं नव्हतं. ते त्याच्यापाशीच राहणार होतं.

भाचा आला, बॅगा खाली गेल्या. जड बॅग त्याने स्वतः उचलली आणि भाच्याने दोनदा हात पुढे केला तरी सोडली नाही. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. "रविवारी या," ती म्हणाली. "दर रविवारी या. पण येताना बोलायला काहीतरी घेऊन या. लोकांचं नको. तुमचं."

"तसं काही सुचलं नाही तर?"

"तर तेच सांगा. मी त्यावर भांडेन." तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि काढून घेतला. गाडी वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उन्हं उतरली होती. कोणीतरी त्याला ओलांडून गेलं. त्याला एकटं वाटलं, आणि ते आता वाटत राहणार हे त्याला समजलं.

जिन्यात शिरला तर वाट बंद. वरच्या मजल्यावर राहायला आलेलं तरुण जोडपं एक भलंमोठं कपाट वर नेत होतं आणि ते वळणावर अडकलं होतं. नवरा वरून ओढत होता, बायको खालून ढकलत होती, आणि दोघांचं कपाटाच्या दोन बाजूंनी जोरात वाजलं होतं. "तुला सांगितलं होतं ना, आधी दारं काढ!" "दारं काढायचा याच्याशी काय संबंध?" तो नेहमीप्रमाणे अंग चोरून उभा राहिला. तेवढ्यात त्या मुलीने घामेजलेल्या चेहऱ्याने वळून त्याला विचारलं, "काका, तुम्हीच सांगा. डावीकडून काढू की उजवीकडून?"

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने कपाटाकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं. "डावीकडून," तो ठणकावून म्हणाला. त्यांनी डावीकडून काढलं. कपाट करकरत सरकलं, कठड्यात आणि भिंतीत असं काही घट्ट बसलं की आता ते वरही जाईना आणि खालीही येईना. "काका!" वरून नवरा ओरडला. "अहो काका, उजवीकडूनच काढायला हवं होतं!" "मुळीच नाही," तो म्हणाला. "तुम्ही ते तिरकं धरलंत." "तिरकं तुम्ही सांगितलंत!" "मी डावीकडून सांगितलं, तिरकं नाही सांगितलं!" त्याचा आवाज चढला होता. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडून कोणीतरी डोकावलं. शेवटी त्याने बाह्या सावरल्या, खांदा लावला, आणि तिघांनी मिळून ते उजवीकडून काढलं. त्याच्या सदऱ्याला चुना लागला, अंगठा चेंगरला आणि चूक साफ त्याचीच निघाली.

तो अंगठा चोखत वर आला. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि आत शिरता शिरताच म्हणाला, "अगं, ऐक, जिन्यात काय गंमत झाली..."

घर गप्प होतं. तो दारातच थांबला. मग त्याने भिंतीवर चाचपून दिवा लावला, आणि बूट काढता काढता, मोठ्याने, कपाट कुठे अडकलं इथपासून सगळं सांगून टाकलं. आपलं मत चुकलं तिथे तो हसला. सांगून झाल्यावर तो थोडा वेळ एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला.